पडद्यासमोरचा हॉर्न: ऑडिशनसाठी वाद्य कसं निवडावं आणि निवड न्याय्य कशी ठेवावी

ऑर्केस्ट्रातल्या फ्रेंच हॉर्नची, म्हणजे गोल वळवलेल्या नळीच्या पितळी फुंकवाद्याची, बेल (आवाज बाहेर पडतो ते पसरट तोंड) मागे वळलेली असते. वादकाच्या उजव्या बाजूला, मांडीजवळ, तोंड मागच्या भिंतीकडे. त्यामुळे वाजवणाऱ्याच्या कानावर पडणारा आवाज वेगळा, आणि समोर वीस मीटरवर पडद्यापलीकडे बसलेल्या परीक्षकांच्या कानावर पडणारा आवाज वेगळा. पहिला जबड्याच्या हाडांतून, बेलमधल्या हातातून आणि अगदी जवळच्या हवेतून पोचतो. दुसरा मागच्या भिंतीवर आपटून, अख्खी खोली फिरून पोचतो. ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला पहिल्यांदा उतरणाऱ्याने हे आधी मनात पक्कं करावं, कारण वाद्य निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

माझी चूकही इथलीच होती. शिकत असताना दोन हॉर्न घरी आणले होते, पसंत पडेल तो ठेवायचा या बोलीवर. एक मोठ्या बेलचा, निकेल-सिल्व्हरचा. फुंकला की मांडी थरथरायची, खोली भरून जायची. दुसरा मध्यम बेलचा, पिवळ्या पितळेचा, माझ्या कानाला जरा किरकोळ वाटणारा. मी पहिला ठेवून घेतला. तीन महिन्यांनी दुसऱ्याच्याच जातीचा एक हॉर्न उसना आणला, एका रिकाम्या सभागृहात शेवटच्या रांगेत व्हायोला वाजवणाऱ्या मैत्रिणीला पाठ करून बसवलं आणि कधी कोणता वाजतोय ते न सांगता दोन्ही वाजवले. ती लगेच म्हणाली, "दुसरा. त्यात स्वर कुठे सुरू होतो ते कळतं. पहिल्यातला नुसता पसरतो." तीन महिने मी ज्या आवाजावर खूष होते, तो माझ्या खुर्चीच्या पलीकडे पोचतच नव्हता.

म्हणून मी नवीन मंडळींना एकच गोष्ट सांगते. परीक्षकांनी पडद्याआडून ऐकावं, नाव-गाव-चेहरा पाहू नये, असा आपला आग्रह असतो. तोच पडदा वाद्य निवडताना स्वतःसमोरही लावा. कंपनीचं नाव, किंमत, गुरूजींचं वाद्य, आवडत्या वादकाचा फोटो, हे सगळं पडद्याआड जाऊ द्या. खालच्या पायऱ्या त्याच धाग्याने बांधल्या आहेत.

पहिली पायरी: जागा कोणती आहे ते नीट वाचा

"हॉर्नवादक हवा" एवढंच वाचून धावू नका. ऑर्केस्ट्रात साधारणपणे चार हॉर्न असतात. पहिला आणि तिसरा वरच्या पट्ट्यातले, दुसरा आणि चौथा खालच्या. मोठ्या रचनांसाठी ही संख्या वाढते. वाग्नरच्या 'दास राइनगोल्ड' या ऑपेराची सुरुवातच आठ हॉर्न एकामागून एक तळातून वर चढवत नेतात. चौथ्या हॉर्नच्या जागेसाठी जाणाऱ्याने तार सप्तकात चमकणारं वाद्य घेतलं, तर मंद्रात त्याचे हाल ठरलेले.

जाहिरातीसोबत उताऱ्यांची यादी येते, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या वाङ्मयातले ठरावीक तुकडे. मुख्य, म्हणजे पहिल्या, हॉर्नच्या यादीत चायकोव्हस्कीच्या पाचव्या सिंफनीचा दुसरा भाग, ब्राह्म्सच्या तिसऱ्या सिंफनीचा तिसरा भाग, स्ट्राउसचं 'टिल ऑयलेनश्पीगल', बेथोव्हनची सातवी यांपैकी काही ना काही असतंच. खालच्या हॉर्नच्या यादीत शोस्ताकोविचच्या पाचव्या सिंफनीच्या पहिल्या भागातला मंद्रातला तुकडा, दुसऱ्या हॉर्नसाठी बेथोव्हनच्या 'फिदेलिओ' ऑपेराची ओव्हर्चर (सुरुवातीचं वादन), चौथ्यासाठी बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीचा तिसरा भाग. सोबत मोत्सार्टच्या एखाद्या कॉन्चेर्तोचा पहिला भाग बहुधा सगळ्यांनाच मागतात.

यादी हातात आली की तिचे तीन गट करा: उंच, खोल, आणि हळू-लांब. मग प्रत्येक उताऱ्यापुढे खरं खरं लिहा की दहा वेळा वाजवला तर किती वेळा स्वच्छ निघतो. वाद्य निवडायचं ते या आकड्यांसाठी. तुमचा उंच गट दहातून नऊ वेळा स्वच्छ असेल आणि खोल गट दहातून पाच वेळा, तर तारेत आणखी सोपं वाजणारा हॉर्न घेऊन हाती काहीच लागत नाही.

दुसरी पायरी: नळीची लांबी समजून घ्या

हॉर्नवर स्वर का फुटतो, म्हणजे हवा तो न निघता शेजारचा का निघतो, हे एकदा कळलं की बाजारातले अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

एफ पट्टीच्या हॉर्नची नळी साधारण ३.७ मीटर लांब, बी-फ्लॅटची साधारण २.७ मीटर, आणि वरच्या एफची, म्हणजे डेस्कँटची, साध्या एफच्या अर्ध्याच्या आसपास, सुमारे १.८ मीटर. प्रत्येक नळीवर मूळ स्वराच्या पटीतले स्वर नैसर्गिकपणे निघतात आणि वर जाल तसे ते एकमेकांना चिकटत जातात. आता पाटीवरचा, म्हणजे लिहिलेला, वरचा जी घ्या, पाच रेषांच्या अगदी माथ्यावरचा. एफच्या नळीवर तो बारावा स्वर आहे. बी-फ्लॅटवर तोच स्वर नववा. वरच्या एफवर सहावा. बाराव्याच्या शेजारी अकरावा आणि तेरावा अगदी खेटून उभे असतात. ओठ केसभर चुकले की शेजारचा दरवाजा उघडतो. सहाव्याच्या शेजारी पाचवा आणि सातवा बऱ्यापैकी लांब असतात. नळी आखूड तेवढा नेम सोपा.

मग सगळेच आखूड नळीवर का वाजवत नाहीत? कारण लांब नळीचा रंग वेगळा असतो. एफच्या बाजूवर मधल्या सप्तकात जो गडद, गोल आवाज येतो, तो आखूड नळीवर तसाच आणायला खूप मेहनत पडते. परीक्षक पहिल्या चार स्वरांत रंग ऐकतात, स्वर फुटला की नेम ऐकतात. दोन्हींचा हिशेब तुम्हालाच मांडायचा आहे.

या हिशेबाचं सगळ्यांत जुनं आणि अजूनही सगळ्यांत चालणारं उत्तर म्हणजे डबल हॉर्न. एकाच वाद्यात एफ आणि बी-फ्लॅट, अंगठ्याच्या व्हॉल्व्हने (हवेची वाट बदलणाऱ्या झडपेने) बदलायचे. ही कल्पना १८९७ च्या सुमारास जर्मनीतल्या एर्फुर्टच्या क्रुस्पे कारखान्यातून पुढे आली. माइन्त्सच्या अलेक्झांडर कंपनीचं १०३ हे मॉडेल १९०९ पासूनचं, आणि आजही जर्मनीत आणि इतरत्र कितीतरी ऑर्केस्ट्रांत तेच दिसतं.

तिसरी पायरी: घराणी ओळखा, पण घराण्याला बळी पडू नका

डबल हॉर्नची दोन मोठी घराणी म्हणावीत अशी आहेत. क्रुस्पे धाटणीच्या वाद्यात अंगठ्याचा व्हॉल्व्ह पहिल्या व्हॉल्व्हच्या वर, अंगठ्याजवळ असतो, बेलचा घेर बहुधा मोठा असतो आणि आवाज रुंद, गडद येतो. कॉन कंपनीचा ८डी याच वळणाचा. अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या तोच आवाज म्हणजे हॉर्नचा आवाज असं मानणारे सेक्शन, म्हणजे ऑर्केस्ट्रातले हॉर्नवादकांचे गट, होते. दुसरं घराणं शिकागोत काम केलेल्या कार्ल गायर यांचं. त्यात बदलाचा व्हॉल्व्ह तीन व्हॉल्व्हनंतर एका रांगेत येतो, नळीची वळणं मोकळी असतात, आवाज जरा बांधलेला, टोकदार आणि स्वराची सुरुवात स्पष्ट. हे सगळं ढोबळ आहे. एकाच मॉडेलच्या दोन वाद्यांत कधी कधी दोन घराण्यांपेक्षा जास्त फरक सापडतो.

धातूचंही तसंच. पिवळ्या पितळेत तांब्याचं प्रमाण साधारण ७० टक्के, सोनेरी पितळेत ८५ च्या आसपास. निकेल-सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. धातूने आवाज बदलतो का, यावर वादक रात्ररात्र वाद घालतात. माझं म्हणणं एवढंच, की पाठ करून बसलेल्या माणसाला जो फरक ऐकू येत नाही त्यासाठी पैसे मोजू नका.

व्हिएन्नाची गोष्ट मात्र वेगळी. व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये आजही मुख्यतः एफ पट्टीचा एकेरी व्हिएन्ना हॉर्न वाजतो, दुहेरी पिस्टनच्या जुन्या व्हॉल्व्हचा आणि काढता येणाऱ्या वळणाचा. स्वर एकातून दुसऱ्यात वाहतो, नेम अवघड असतो. तो आवाज ही त्या ऑर्केस्ट्राची ओळख आहे. तिथे जायचं असेल तर ते वाद्य शिकायला काही वर्षं द्यावी लागतात. डबल हॉर्नवर तयारी करून शेवटच्या महिन्यात उडी मारता येत नाही. अशी अट ऑर्केस्ट्राने घालण्यात काही गैर नाही, पण ती जाहिरातीतच छापलेली हवी.

ट्रिपल हॉर्नबद्दल नवीन लोक हमखास विचारतात. एफ, बी-फ्लॅट आणि वरचा एफ तिन्ही एकात. लंडनच्या पॅक्समन कंपनीने १९६० च्या दशकात ही वाट रुळवली. मुख्य किंवा तिसऱ्या हॉर्नच्या जागेसाठी, बाखच्या पहिल्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोसारखं काही यादीत असेल, तर त्याचा मोठा आधार होतो. पण तो जड असतो, महाग असतो, आणि त्याच्या डबल बाजू त्याच दर्जाच्या निव्वळ डबल हॉर्नइतक्या मोकळ्या असतीलच असं नाही. पहिल्या ऑडिशनसाठी मी तो सुचवत नाही. एक उंच उतारा सांभाळायला उरलेले नऊ उतारे जड वाद्यावर वाजवायचे, हा व्यवहार बहुतेकांना परवडत नाही.

चौथी पायरी: हॉर्नचीच ऑडिशन घ्या

इथे सगळ्यांत जास्त वेळ घालवा. तीनपेक्षा जास्त वाद्यं एका बैठकीत नकोत. ओठ थकतात आणि शेवटच्या वाद्यावर अन्याय होतो. स्वतःचंच माउथपीस वापरा. त्याची दांडी नव्या लीडपाइपमध्ये, म्हणजे वाद्याच्या तोंडाकडच्या पहिल्या नळीत, नीट बसते का ते आधी पाहा. डुगडुगत असेल किंवा फार बाहेर राहत असेल, तर त्या वाद्याबद्दल तुम्ही जे ऐकाल ते वाद्याचं नसेल.

जागा मोठी घ्या. छोट्या खोलीत सगळे हॉर्न भव्य वाटतात. तुमच्या मागे दोन-तीन मीटरवर कठीण भिंत असेल अशी खुर्ची मांडा आणि जमिनीवर तिच्या पायांशी चिकटपट्टी लावा, म्हणजे वाद्य बदलताना खुर्ची सरकली तर कळेल. ऐकणारा माणूस लांब, पाठ करून. तो हॉर्नवादक नसला तर उत्तम: व्हायोलिन, ओबो, गाणारं कोणीही. हॉर्नवादक वादकाची लकब ऐकतो. बाकीचे आवाज ऐकतात, आणि निवड समितीत बहुसंख्य बाकीचेच असतात.

प्रत्येक वाद्यावर तेच तीन उतारे वाजवा: एक लांब, शांत, एक मंद्रातला, एक मोठ्या आवाजातला. क्रम पहिला, दुसरा, परत पहिला असा ठेवा. नुसतं पहिला-मग-दुसरा केलं तर दुसऱ्याला नेहमीच फायदा मिळतो, कारण तोवर तुम्ही आणि खोली दोघंही तापलेले असता. ऐकणाऱ्याने प्रत्येक वेळी फक्त दोन गोष्टी लिहायच्या: स्वर कधी सुरू झाला ते स्पष्ट होतं का, आणि अगदी हळू वाजवताना आवाज तिथपर्यंत आला का. "छान वाटलं" हे लिहायला बंदी.

तुमच्या हातात दुसरा कागद. त्यावर स्वर किती फुटले ते मोजा आणि सूर पाहा. सूर दाखवणारं मशीन समोर ठेवून एकेक स्वर लावायचा नाही. डोळे मिटून स्वर धरायचा, मग डोळे उघडून काटा कुठे आहे ते पाहायचं. एखादा स्वर सतत चढतो किंवा उतरतो आणि दरवेळी हाताने किंवा ओठांनी ओढून आणावा लागतो, असं दिसलं तर ते वाद्य कितीही गोड असलं तरी बाजूला ठेवा. सरावात तो स्वर तुम्ही ओढून आणाल. ऑडिशनच्या दिवशी छाती धडधडत असताना ओढणं राहून जातं.

सूर कोणत्या पायावर लावायचा तेही विचारून घ्या. ए हा स्वर कुठे ४४० हर्ट्झवर, कुठे ४४२ वर, जर्मनी-ऑस्ट्रियात बहुधा ४४३ वर असतो. वाद्याची ट्यूनिंग स्लाइड (सूर लावायची सरकती नळी) त्या आकड्यावर पार आत घालावी लागते की थोडी बाहेर उरते, हे एका मिनिटात तपासून होतं.

दोन वाद्यं बरोबरीत आली, तर तुमच्या वाईट दिवशी ज्याने कमी धोका दिला ते घ्या. म्हणून हीच चाचणी एकदा थकलेल्या ओठांनी, दोन तासांच्या तालमीनंतर करून पाहा. ऑडिशनला आपण क्वचितच आपल्या चांगल्या दिवशी जातो.

माउथपीसबद्दल थोडक्यात: वाद्य आणि माउथपीस एकाच महिन्यात बदलू नका. काय कशामुळे झालं ते कळणार नाही.

आणि एकदा ठरलं की थांबा. ऑडिशनच्या आधीचे तीन महिने वाद्य बदलायचं नाही, असा नियम मी स्वतःला घातलेला आहे. बोटांना, ओठांना आणि बेलमधल्या उजव्या हाताला नव्या वाद्याचे बारकावे मुरायला तेवढा वेळ लागतोच.

पाचवी पायरी: न्यायाची चौकशी आधी करा

आता पडद्याच्या दुसऱ्या बाजूकडे येऊ.

पडदा नेहमीच होता असं नाही. बॉस्टन सिंफनीने १९५० च्या दशकात तो वापरून पाहिला आणि अमेरिकेत तो सगळीकडे रुळायला १९७० आणि ८० ची दशकं उजाडावी लागली. त्याआधी मुख्य वादक आपल्या विद्यार्थ्याला पुढे करायचा, कंडक्टर मान डोलवायचा आणि काम व्हायचं. १९८० मध्ये म्युनिक फिलहार्मोनिकच्या ट्रॉम्बोनच्या ऑडिशनला पडदा होता. पडद्याआडून ज्यांना पसंत केलं त्या उमेदवार ॲबी कोनंट बाई निघाल्या. पुढे त्यांना मुख्य जागेवरून खाली आणलं गेलं आणि ती जागा परत मिळवायला त्यांना वर्षानुवर्षं कोर्टात लढावं लागलं. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ज्युली लँड्समन पडद्याआडच्या ऑडिशनमधून मुख्य हॉर्नवादक झाल्या आणि २०१० पर्यंत त्या खुर्चीवर होत्या. बर्लिन फिलहार्मोनिकच्या ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यांच्या, विभागात पहिली बाई आली ती २००१ मध्ये, आणि ती हॉर्नवादकच, सारा विलिस.

पडद्यामुळे स्त्रियांची निवड किती वाढली यावर क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राउझ या अर्थशास्त्रज्ञांचा २००० साली छापलेला अभ्यास फार गाजला. त्यातले आकडे तेवढे भक्कम नाहीत अशी टीकाही नंतर झाली. आकड्यांचा वाद चालू राहो. चेहरा, नाव, कोणाचा शिष्य, यांतलं काहीही आवाजात नसतं, त्यामुळे समितीच्या समोरही ते नसावं, एवढ्यासाठी मला पडदा पुरेसा पटतो.

पण सगळीकडे तो नसतो. काही ऑर्केस्ट्रांत फक्त पहिल्या फेरीला, काहींत शेवटपर्यंत, काहींत अजिबातच नाही. म्हणून अर्ज स्वीकारल्याचं पत्र आलं की नम्रपणे चार ओळींचं उत्तर पाठवा. पडदा कोणत्या फेरीपर्यंत आहे? उताऱ्यांसाठी वाद्य बदललं तर चालेल का? सूर कितीवर? सरावासाठी स्वतंत्र खोली किती वेळ मिळेल? या चौकशीने कोणी नाराज होत नाही. झालंच, तर त्या जागेबद्दल तुम्हाला आधीच बरंच कळलं.

वाद्य बदलण्याच्या प्रश्नाकडे खास लक्ष द्या. उंच उताऱ्याला डेस्कँट आणि बाकी डबलवर, असं करणं मला पूर्णपणे रास्त वाटतं. नोकरीतही वादक तेच करतात. मात्र एकाला परवानगी आणि दुसऱ्याला माहीतच नाही, हा अन्याय आहे. ज्याच्याकडे एकच वाद्य आहे त्यालाही कळायला हवं की समोरचा दोन घेऊन येऊ शकतो, म्हणजे निदान उसनं आणायची संधी त्याला मिळेल.

पहिली फेरी रेकॉर्डिंगवर असेल तर माइक कुठे ठेवायचा, एका दमात वाजवायचं की तुकडे जोडलेले चालतात, हे लेखी विचारा. माइक बेलच्या मागे ठेवला की आवाज करकरीत आणि जवळचा येतो, समोर चार-पाच मीटरवर ठेवला की गोल येतो. तुम्ही तो समोर, परीक्षकाच्या जागी ठेवा. आवाज सुधारणारं कोणतंही सॉफ्टवेअर लावू नका.

सहावी पायरी: त्या दिवशी

व्हॉल्व्हला आदल्या रात्री तेल, स्लाइडना ग्रीस. दोरीवर चालणारे व्हॉल्व्ह असतील तर दोरी तपासा आणि नवी दोरी, छोटा स्क्रू-ड्रायव्हर पेटीत ठेवा. दोरी तुटते ती बोलावणं आल्यावरच. वाद्य थंड असेल तर सूर उतरतो, म्हणून आत नेण्याआधी नुसती गरम फुंक मारत राहा.

आत गेल्यावर तोंडातून शब्द काढायचा नाही. काही विचारायचं असेल तर सोबतच्या माणसाच्या कानात. तो तुमच्या वतीने बोलेल. चांगल्या ठिकाणी दारापासून खुर्चीपर्यंत गालिचा अंथरलेला असतो, कारण टाचांच्या आवाजावरूनही लोक अंदाज बांधतात. गालिचा नसेल तर मऊ तळव्याचे बूट घाला. खुर्ची हवी तशी वळवायची परवानगी असेल, तर बेल जाड कापडाकडे नसून भिंतीकडे जाईल असं बसा. नळीत साचलेलं पाणी काढायला वेळ घ्या. पहिल्या स्वराआधी तालाचं पूर्ण एक माप (बार) मनात मोजा. एखादा स्वर फुटला तर लय सोडू नका. फुटलेला स्वर समिती विसरते, त्यानंतर डगमगलेली लय विसरत नाही.

ऐकणाऱ्यांच्या खुर्चीवर बसण्याची वेळ आली तर

नवीन वादकाला वाटतं हे आपल्यासाठी नाही. पण सेक्शनमध्ये आलात की दोन-चार वर्षांत समितीत बसायचा निरोप येतोच, आणि छोट्या वा हौशी ऑर्केस्ट्रात तर पहिल्याच वर्षी.

मी एकदा अशा समितीत होते. दुपारच्या सुट्टीनंतर ऐकलेल्या सहा जणांच्या कागदांवर माझ्या हातून "निस्तेज" हा एकच शब्द चार वेळा पडला. माझ्या शेजारच्या बासून वादकाच्या कागदावर "लांबून येतंय" असं तीनदा. सातव्या उमेदवाराआधी आम्ही थांबलो आणि एकजण पडद्यापलीकडे बघून आला. सुट्टीत साफसफाई करताना खुर्ची दोन मीटर मागे सरकवली गेली होती. बेल जवळजवळ पाठीमागच्या जाड कापडी पडद्यातच शिरत होती. सकाळी ती उघड्या लाकडी भिंतीसमोर होती. त्या सहाही जणांना आम्ही खुर्ची जागेवर आणून पुन्हा ऐकलं. त्यातला एक पुढच्या फेरीत गेला. त्याला हे कधीच कळलं नसेल, पण मला त्या दिवसापासून जमिनीवरच्या चिकटपट्टीशिवाय ऑडिशन सुरू होऊ द्यायची हिंमत होत नाही.

तर चिकटपट्टी लावाच. खोलीचं तापमान सकाळी-दुपारी सारखं ठेवा. क्रमांक चिठ्ठ्या टाकून द्या, नावाच्या आद्याक्षराने नाही. सगळ्यांना तेच उतारे, त्याच क्रमाने. कोणाला "जरा हळू, पुन्हा वाजवा" असं सांगितलं, तर तशी संधी बरोबरीच्या इतरांनाही द्या. नाहीतर दुसरी संधी फक्त ज्याचा आवाज ओळखीचा वाटतो त्यालाच मिळते. प्रत्येकाने मत आधी कागदावर लिहायचं, चर्चा नंतर. ज्येष्ठ वादकाने उसासा टाकला तरी मतं त्या दिशेला झुकतात, म्हणून वाजणं चालू असताना उसासाही नको. पाच-सहा जणांनंतर कानांना विश्रांती द्या. ज्याचा विद्यार्थी किंवा नातेवाईक रांगेत आहे त्याने त्या फेरीच्या मतदानातून स्वतःहून बाहेर व्हावं.

आणि वाद्य कोणतं होतं हे विचारू नका, ना फेरीच्या मधे, ना मत देण्याआधी. "हा आमच्या सेक्शनच्या जातीचा हॉर्न नाही" हे वाक्य मी ऐकलं आहे, आणि ते म्हणणाऱ्याला पडद्याआडून कोणता हॉर्न आहे हे सांगता येत नव्हतं. पेटी दारात दिसली होती एवढंच. आवाज सेक्शनमध्ये मिसळतो की नाही हे ऐकायचं असेल, तर शेवटच्या फेरीत उमेदवाराला सेक्शनसोबत बसवा. ब्रुकनरच्या चौथ्या सिंफनीतला किंवा स्ट्राउसच्या 'आइन हेल्डनलेबन'मधला एखादा तुकडा एकत्र वाजवला की पाच मिनिटांत कळतं. एकाच जातीची वाद्यं हवीतच अशी ऑर्केस्ट्राची अट असेल, तर निवडलेल्या माणसाला प्रोबेशनच्या काळात बदलायला मुदत द्या, आणि शक्य असेल तर वाद्य ऑर्केस्ट्राने द्यावं.

निकाल "कोणीच नाही" असाही लागतो. तो लागला तर पुढे आलेल्या प्रत्येकाला समितीच्या कागदांवरचे दोन-तीन शेरे पाठवा, नाव न घालता. तुम्ही उमेदवार असाल तर ते मागून घ्या, दोन दिवस थांबून, पत्राने. आलेले शेरे तुमच्या त्या पहिल्या यादीशेजारी ठेवा, जिथे प्रत्येक उताऱ्यापुढे दहातून किती असं लिहिलं होतं. ज्या उताऱ्याला तुम्ही नऊ दिले होते आणि समितीने "सुरुवात अस्पष्ट" असं लिहिलं, तोच उतारा घेऊन पुढच्या आठवड्यात मोठं सभागृह मिळवा आणि एखाद्या मित्राला शेवटच्या रांगेत पाठ करून बसवा.